दुसरा टप्पा

आठवीची परीक्षा संपली आणि मे 2007 मध्ये दिंडोरीला मामाच्या मळ्यात मी आंब्यावरून पडलो. मणक्याला मार बसला, कमरेखालचं अंग गेलं. वर्ष बुडालं. पुढच्या जूनमध्ये वडील मला पंचवटीतून रिक्षाने शाळेत घेऊन आले, तेव्हा नववी ‘ब’ दुसऱ्या मजल्यावर भरत होती. मुख्याध्यापिका बाईंनी त्याच दिवशी अख्खा वर्ग बाकांसकट तळमजल्यावर आणला. जिन्यावरून बाकं उतरतानाचा तो खडखडाट अजून कानात आहे.

पी. टी.च्या तासाला मी कडुलिंबाखाली बसून राही. सप्टेंबरात बीजिंगची पॅरालिम्पिक, म्हणजे दिव्यांगांची ऑलिम्पिक, झाली आणि खेळाचे सर शेजारी बसून एस्थर व्हर्गीरबद्दल सांगू लागले. नेदरलँड्सची ही मुलगी. आठव्या वर्षी मणक्याजवळच्या रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि पाय लुळे पडले. आधी व्हीलचेअर बास्केटबॉल खेळली, मग टेनिस. जानेवारी 2003 नंतर एकेरीत ती हरलीच नव्हती. बीजिंगच्या अंतिम सामन्यात कोरी होमानने तिला पार मॅच पॉइंटपर्यंत रेटलं, म्हणजे तो एक गुण गेला असता तर सामनाच गेला असता. तो तिने वाचवला आणि तिसरा सेट टायब्रेकमध्ये जिंकला. माझं अंग शहारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रार्थनेच्या पटांगणात खडूने कोर्ट आखलं, व्हॉलीबॉलच्या खांबांना कमरेएवढी दोरी बांधली. मला चेंडूचे दोन टप्पे, पहिला मात्र कोर्टातच पडायला हवा. समोरच्या धावणाऱ्याला एकच. पोरं कुरकुरली. सर म्हणाले, “कोर्ट तेवढंच, दोरीही तेवढीच. खुर्चीत बसून खेळ, तुलाही दोन.” एकजण खरंच बसला. हातात रॅकेट धरूनच चाक ढकलायचं म्हणजे काय, ते त्याच्या तळहाताला कळलं. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

खेळाच्या खुर्चीची चाकं खाली फाकलेली, तिरकी असतात, त्यामुळे ती झटकन वळते. माझी दवाखान्यातली, जड. तरी वर्षभर खेळलो. फटका मारून थांबायचं नाही, चाक फिरतं ठेवायचं, हा सरांचा एकच धोशा.

फेब्रुवारी 2013 मध्ये व्हर्गीर निवृत्त झाली. सलग 470 एकेरी विजय, पॅरालिम्पिकची चार एकेरी सुवर्णपदकं. मी तेव्हा गंगापूर रोडला कॉलेजात होतो. बातमी वाचून सरांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, “तू खेळतोस ना रे?”

खेळत होतो, सर.

गेल्या दिवाळीनंतर शाळेत आलो होतो. नववी ‘ब’ अजून तळमजल्यावरच भरते.