वाक्यपट्ट्या, संच तिसरा : भूतकाळ

वर्तमानकाळाचा संच झाला, आता दुसरी-तिसरीसाठी भूतकाळ. माप तेच: ए-फोर कार्डशीटच्या 7 सेंमी रुंद अशा तीन आडव्या पट्ट्या. क्रियापदाचं कार्ड बसवायचा रिकामा चौकोन प्रत्येक पट्टीवर 6 सेंमीचाच. शब्दाच्या लांबीप्रमाणे चौकोन आखला की पोरं वाक्य न वाचता नुसतं माप बघून कार्ड बसवतात. आधी कापायचं, मग कडेला 3 मिमी सोडून लॅमिनेशन. उलटं केलं तर कडा उकलतात.

खरं काम पर्यायांचं. ‘सीमाने हुरडा ___’ इथं बरीच मुलं ‘खाल्ली’ लावतात. ‘सीमा हुरडा खाते’ यात क्रियापद सीमाप्रमाणे चालतं, तीच सवय पुढे येते. पण ‘ने’ लागला की ते हुरड्याप्रमाणे चालतं. कर्ता-कर्म वगैरे सांगत बसू नका, पट्ट्या एकाखाली एक मांडा:

सीमाने हुरडा खाल्ला.
राजूने हुरडा खाल्ला.
राजूने भाकरी खाल्ली.
राजूने बोर खाल्ले.

माणूस बदलला तरी शेवट हलत नाही, खायची वस्तू बदलली की हलतो. हे मुलांनाच शोधू द्या.

वस्तू एकवचनीच ठेवल्यात. ‘बोर खाल्ले’ आणि ‘आंबे खाल्ले’ यांचं रूप एकच, त्यामुळे मूल कशावरून बरोबर आलं ते कळत नाही. शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदंही बाहेर: ‘सीमा धडा शिकली’ यात ‘ने’ येतच नाही आणि सगळी मांडणी कोसळते. खाणे, आणणे, तोडणे, विकणे एवढी पुरतात. तोंडी ‘बोर खाल्लं’ आलं तर तेही बरोबरच.

जुन्या संचात एक भर. ‘आई भाकरी ___’ याला लातूरकडची मुलं ‘करायलीय’ म्हणतात. अर्थ, काळ, लिंग सगळं जागेवर आहे, मग खोडायचं कशाला? ‘करत आहे’च्या कार्डामागे ‘करायलीय’ लिहिलंय. मूल आधी आपली बाजू लावतं, मग कार्ड उलटतं. शुद्धलेखनाच्या धाकापेक्षा हे बरं.

‘सीमाने गाय बांधली’ पण ‘सीमाने गाईला बांधले’ ही जोडी मुद्दाम मागे ठेवली आहे. ‘ला’ आला की क्रियापद गाईचंही ऐकत नाही; ते चौथीच्या संचात.