मामांच्या होडीवर फिशफाइंडर बसवताना

माझे मामा नाशिक जिल्ह्यातल्या दारणा धरणाच्या बॅकवॉटरमध्ये मासेमारी करतात. मच्छीमार सोसायटीचे सभासद आहेत, वल्ह्यावर चालणारी छोटी फायबरची होडी आहे. कटला कुठे असतो, रोहू कुठे असतो हे त्यांना यंत्राने सांगायची गरज नाही. त्यांचं दुखणं वेगळं होतं. पाण्याखालच्या खोडांत नाहीतर दगडांत जाळं अडकतं आणि ओढलं की फाटतं. धरण १९१६ चं, तळाला काय काय रुतून बसलंय ते वरून कसं कळणार? म्हणून पोर्टेबल फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून खालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेतला, तोही मासे शोधण्यापेक्षा तळ बघायला.

विजेचा भाग सोपा गेला, कारण सातपूरला माझं रोजचं काम पॅनेल वायरिंगचंच आहे. लहान यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी घेतली. पॉझिटिव्ह वायरवर बॅटरीच्या अगदी जवळ ३ अँपिअरचा फ्यूज टाकला. आमचा डिस्प्ले अर्धा अँपिअर खातो. कागदावर चौदा तास निघतात, पण लेड-ॲसिड बॅटरी तळापर्यंत उतरवायची नसते, त्यामुळे सात-आठ तासच धरायचे. बॅटरी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली आणि वायरचं भोक सिलिकॉनने बंद केलं.

घरी टेबलावर चालू करून बघितलं तर पडद्यावर मासेच मासे. मामी म्हणाल्या, "अगं बाई, टेबलाखाली एवढे?" तो डेमो मोड होता. ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात बुडवायचा सेन्सर, जोडलेला नसला की बरीच यंत्रं आपली आपणच डेमो दाखवत बसतात. पाण्यात गेल्यावर आधी तो बंद आहे ना ते बघावं.

खरा घोळ ट्रान्सड्यूसरचा. तो आवाजाचा ठोका खाली सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो, म्हणजे १० मीटर खोल तळावरून परत यायला साडेतेरा मिलिसेकंद. मध्ये हवेचा थर आला की ठोका तिथूनच मागे फिरतो. एकसंध फायबरच्या तळाला आतून इपॉक्सीने चिकटवला तरी चालतो, फक्त खाली बुडबुडा राहता कामा नये. चिकटवायच्या आधी होडीत थोडं पाणी ओतून, त्यात ट्रान्सड्यूसर ठेवून बघितलं. खोलीचा आकडाच येईना. मामांच्या होडीच्या तळात दोन थरांमध्ये फोम आहे, आणि फोम म्हणजे हवाच.

मग पाइपचा जुगाड. जाड पीव्हीसी पाइपच्या टोकाला ट्रान्सड्यूसर बोल्टने कसला आणि पाइप होडीच्या काठाला सी-क्लॅम्पने धरला. किनाऱ्याला लागताना तो वर फिरवून घेता येतो, नाहीतर पहिल्याच दगडावर मोडला असता. ट्रान्सड्यूसर पाण्यात वीतभर बुडलेला आणि खालची बाजू पाण्याला समांतर हवी. जरा तिरका झाला की खोली जास्त दाखवतो. वल्ह्याच्या फेसापासूनही लांब ठेवला. वायर लांब पडली तरी कापली नाही, गुंडाळी करून बांधली. ती कापून जोडत बसू नये.

पाण्यात गेल्यावर आधी भाषा आणि माप: फूट काढून मीटर. पाण्याचा प्रकार विचारला तर गोडं. मग दोरीला दगड बांधून खोली मोजली आणि पडद्याशी ताडून पाहिली. यंत्र ट्रान्सड्यूसरपासून मोजतं, म्हणून बुडालेली वीत ऑफसेटमध्ये (मोजलेल्या खोलीत मिळवायच्या आकड्यात) टाकली की आकडे जुळले.

"पुढचं कुठे दिसतं रे?" मामांचा पहिला प्रश्न. पुढचं दिसतच नाही. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता होडीखाली आहे ते, आणि डावीकडे सरकत जातं ते मागे पडलेलं. तेही सगळं नाही. २०० किलोहर्ट्झच्या आवाजाचा झोत साधारण २० अंशांचा, म्हणजे १० मीटर खोलीवर जेमतेम साडेतीन मीटरचं वर्तुळ. त्यामुळे नांगरणीसारखे शेजारी शेजारी फेरे मारावे लागतात.

माशांची चित्रं दाखवणारी सोय मी पहिल्यांदा बंद केली. फांदी असो की बुडबुड्यांचा झुपका, यंत्र त्याचा मासा करून टाकतं. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून प्रतिध्वनी जोरात येतो. होडी वरून सरकत गेली तर त्याची कमान उमटते, होडी आणि मासा दोन्ही थांबले तर लांब रेघ. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक प्रतिध्वनी दाखवायचा ते, पडदा ठिपक्यांनी भरेपर्यंत वाढवायची आणि मग थोडी उतरवायची. ऑटोवर बारीक फांद्या गायब होत होत्या, आणि आम्हाला तर त्याच हव्या होत्या.

खोडं तळातून उभ्या खुंटांसारखी दिसतात. जिथे तळाखाली दुप्पट खोलीवर आणखी एक रेघ उमटते तिथे तळ कठीण. नुसत्या गाळावर ती सहसा उमटत नाही. आमच्या यंत्रात जीपीएस नाही, म्हणून अडचणीच्या जागी मामांनी दगडाला दोरी बांधून रिकाम्या बाटल्या तरंगत सोडल्या. त्या बाटल्या टाळून आता जाळं पडतं. चिखलाचा मोकळा पट्टा सापडला तेव्हा मामा म्हणाले, "हे कामाचं. मासे नको दाखवूस तू, मी बघतो त्यांचं."

शेजारच्या होडीवाल्यालाही आता असंच बसवून हवंय. त्याची होडी पत्र्याची आणि काठ आतल्या बाजूला वळलेला, त्यामुळे आमचा क्लॅम्प तिथे बसत नाही. मापं घेऊन आलोय, या आठवड्यात वेल्डरकडून लोखंडी पट्टी वाकवून घेतो.