फॉर्मवर ‘व्यसन : नाही’

ऑगस्टमधला सोमवार होता. रात्रभर पाऊस, वंदना टॉकीजपाशी नेहमीप्रमाणे पाणी. निम्मे पेशंट यायचे नाहीत असं धरून मी चहा मागवला, तेवढ्यात कळव्याच्या ताई आल्या. टमी टकचा, म्हणजे पोट आवळून घेण्याच्या ऑपरेशनचा, नववा दिवस. दोन सिझेरियननंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले, कातडी लोंबलेली. चाळिशी उलटल्यावर एकदाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. नवरा छत्री झटकत बाहेर बसला, मुलगी आत आली. ताई अजून वाकूनच चालत होत्या. सुरुवातीला तसंच चालायचं असतं, टाक्यांवर ताण नको म्हणून.

पट्टा सोडला. ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर काढणारी नळी, आधीच निघाली होती, चोवीस तासांचं पाणी ३० मिलीच्या खाली आल्यावर. पोटावर टिचकी मारून पाहिली, लाट उठली नाही. म्हणजे आत पाणी साठलं नव्हतं. बरं वाटलं. मग गॉज उचललं.

टाक्यांची रेघ दोन्ही कुशींकडे छान जुळलेली. मधोमध, बेंबीच्या खाली, चार बोटं रुंद कातडी मात्र जांभळी-काळी. बोटाने दाबून सोडली तरी रंग हलेना. वास नाही, पू नाही, ताप नाही. कातडी मरत होती.

या ऑपरेशनात पोटाची कातडी बरगड्यांपर्यंत सोडवून खाली ओढतात. स्नायूंतून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्यात तुटतात आणि कातडी बाजूंनी येणाऱ्या रक्तावर तगते. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्याला जेमतेम पोचावं तसं मधल्या भागाचं होतं, आणि ताणही तिथेच सगळ्यात जास्त. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळल्या, की पहिला सुकतो तो हाच वाफा.

सर्जन मॅडमनी बघितलं आणि विचारलं, “सिगारेट?” ताई चक्क हसल्या. फॉर्मवर ‘व्यसन : नाही’ असं होतं, माझ्याच अक्षरात.

मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या. ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली होती. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर काळसर दिसलं. ते बोट मी लहानपणापासून ओळखते. आजी तव्यावर मिश्री भाजायला बसली, की ठसक्याने आम्ही सगळे अंगणात.

“ताई, मिश्री लावता?”

“दात घासायला फक्त. सकाळी.”

“दिवसातून पाच वेळा, आई,” मुलगी म्हणाली.

“अगं, पण ते काय व्यसन आहे? पोट साफ होत नाही नाहीतर.”

ऑपरेशनच्या महिनाभर आधी तंबाखू बंद, हे मॅडमनी बजावलं होतं. ताईंच्या हिशोबाने त्या तंबाखू खातच नव्हत्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. मीच “सिगारेट-तंबाखू-दारू काही?” असं एका दमात, नवऱ्यासमोर, मान वर न करता विचारलं होतं.

मॅडम मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेलेल्या कातडीची हद्द स्पष्ट होईपर्यंत थांबून मॅडमनी ती कापून काढली. पुन्हा टाके घातले नाहीत. जखम तळातून भरू द्यायची होती. रोज सलाईनने धुणं, ओलं गॉज, वरून कोरडं. घरी अंडी, डाळ, दही. दुसऱ्या आठवड्यात ताईंनी पिशवीतून एक डबी काढून माझ्या हातात दिली. “तुमच्याकडे ठेवा सिस्टर, घरात असली की बोट जातं.”

भरायला अडीच महिने लागले. व्रण मधे रुंद राहिला. तो वर्षभराने बघू, असं मॅडम म्हणाल्या. डबी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आता फॉर्म भरताना नवऱ्याला बाहेर बसवते आणि मिश्रीचं वेगळं विचारते. परवा विटाव्याच्या एका बाईंना विचारलं, तर त्यांनी पटकन तोंडावर पदर धरला.

“वास येतो का हो, सिस्टर?”