९० ची कॅसेट आणि पायपेटी

२ ऑक्टोबर, दुपार

आज सुट्टी, त्यात ड्राय डे, त्यात ऑक्टोबर हीट. गॅलरीत टाकलेले कपडे अर्ध्या तासात कडकडीत. बायको आणि पोरगी माहेरी गेल्यात, घरात मी आणि बाबा. आमटी-भात हाणून आडवा झालो पण झोप येईना, म्हणून कपाटाचा वरचा खण काढला आवरायला आणि बुटांच्या खोक्यात ती कॅसेट सापडली. ९० मिनिटांची, लेबलवर माझ्याच अक्षरात बॉलपेनने ‘रेडिओहेड, किड ए’. आणि मग लक्षात आलं की अरे आजच की, २ ऑक्टोबर २००० ला इंग्लंडात रेडिओहेड या तिथल्या रॉक बँडचा हा अल्बम बाहेर आला होता.

मी तेव्हा सेकंड इयरला. गिरगावात चाळीत राहायचो, आणि आमचा चौघांचा बँड होता (बँड म्हणजे काय, दोन गिटार, एक उसना बास आणि एक ड्रमर ज्याच्याकडे ड्रम नव्हते). मी रिदम गिटार. रिदम गिटारवाला म्हणजे लग्नाच्या फोटोतला तो लांबचा काका, असला तर कोणाला दिसत नाही, नसला तरी कोणी विचारत नाही. रेडिओहेडच्या आधीच्या, १९९७ च्या ओके कम्प्युटर अल्बमवर आम्ही वर्ष काढलं होतं, कॅसेट रिवाइंड करून करून एकेक गिटार पार्ट कानाने उतरवायचा, काळा घोड्याच्या र्‍हिदम हाऊसमध्ये बूथमध्ये उभं राहून पुढचं कायकाय ऐकायचं आणि काही न घेता निघायचं. ते दुकानही २०१६ ला बंद झालं. असो.

तर आमच्या सिंगरच्या मामाने लंडनहून सीडी आणली. त्याच्याकडून मी ती या कॅसेटवर भरून घेतली आणि रात्री वॉकमनवर लावली. पहिल्या गाण्यात गिटार नाही. म्हटलं येईल. दुसऱ्यात पण नाही. ज्या बँडमध्ये तीन-तीन माणसं गिटार वाजवतात त्यांचा अल्बम, आणि सुरुवातीला नुसता सिंथेसायझर आणि त्यांचा गायक थॉम यॉर्कचा तुकडे तुकडे केलेला आवाज. मला अक्षरशः फसवल्यासारखं वाटलं.

का तसं केलं ते नंतर वाचत गेलो तसं कळलं. ओके कम्प्युटरनंतरच्या टूरने यॉर्क पार पिचला होता, लिहायला बसला की काही सुचेना, वर जो तो त्यांच्यासारखाच आवाज काढायला लागलेला. त्याला मेलडीचाच वीट आला आणि तो वॉर्प रेकॉर्ड्स या कंपनीवाल्यांचं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत बसला, एफेक्स ट्विन, ऑटेकर वगैरे. १९९९ च्या जानेवारीत पॅरिसला रेकॉर्डिंग सुरू झालं, मग कोपनहेगन, मग ग्लॉस्टरशायरमधला एक वाडा, शेवटी ऑक्सफर्डजवळचा स्वतःचा स्टुडिओ. महिनोन्महिने गेले आणि पूर्ण झालेलं गाणं म्हणाल तर बोंब. शब्दसुद्धा चिठ्ठ्या करून टोपीत टाकून काढले म्हणे, भिशीच्या चिठ्ठ्या काढतात तसे. धड काही जमलं नाही तर बँड मोडायचा इथपर्यंत बोलणं झालं होतं.

पण माझा जीव अडकला तो यॉर्कमध्ये नाही, एड ओब्रायनमध्ये. एड म्हणजे त्यांचा दुसरा गिटारवाला, उंच. त्याला वाटत होतं की आता छोटी छोटी, गिटारची, सरळ गाणी करूया. यॉर्कने उडवून लावलं. आणि हा एड तेव्हा बँडच्या वेबसाइटवर रोजनिशी लिहायचा, १९९९ च्या जुलैपासून पुढे वर्षभर. ठाकूरद्वारच्या सायबर कॅफेत तासाचे तीस रुपये भरून मी ती वाचून काढली, शेजारचे लोक रिझल्ट बघतायत, कोण चॅट करतोय आणि मी एका गोऱ्या माणसाची रोजनिशी. सुरुवातीलाच लिहिलंय की जानेवारीपासून खटपट चालूये आणि हाती विशेष काही लागलेलं नाही. आज अमुक गाण्याला हात लावला, उद्या परत बघू, असलंच सगळं. आपल्या वाट्याचं वाद्यच गाण्यात लागत नाही म्हटल्यावर माणूस रोज सकाळी उठून स्टुडिओत जातो कसा, हे मला त्यात शोधायचं होतं, कारण तेव्हा माझंही तेच चाललेलं.

आमच्या सिंगरच्या डोक्यात किड ए ऐकून खूळ शिरलं होतं ना. कॉम्प्युटरवर बीट्स बनवणार म्हणे. आम्ही २००१ मध्ये तीन गाण्यांचा डेमो करायला घेतला, आणि दोन गाण्यांत मला कामच नव्हतं. मी जॅम रूमच्या कोपऱ्यात अँपवर बसून वडापाव खायचो आणि रिक्षाचे पैसे मात्र चौघांत सारखे. एक दिवस गेलोच नाही. भांडण नाही, काही नाही. फोनही कोणी केला नाही. नंतर एका कॉलेजच्या फेस्टला त्यांनी ती गाणी वाजवली, मी मागे उभा होतो, पब्लिकने दुसऱ्याच गाण्याला मेटलच्या कव्हरसाठी बोंबा मारायला सुरुवात केली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

एड गेला नाही. प्रोड्युसर नायजेल गॉड्रिचने एकदा बँडचे दोन गट करून दोन खोल्यांत बसवलं, एका गटाने गिटार-ड्रमला हातच लावायचा नाही असला नियम. एड इफेक्ट्सच्या पेडलांत घुसला, गिटार गिटारसारखी वाजूच नये याच्या मागे. तिसरा गिटारवाला जॉनी ग्रीनवुड तर काय, ओंद मार्तनो नावाचं १९२८ चं फ्रेंच वाद्य घेऊन बसला, डॉर्चेस्टर ॲबीत ऑर्केस्ट्रा बसवला. फिल सेल्वे ड्रमर, त्याच्या जागी एका गाण्यात ड्रम मशीन. त्याची रोजनिशी कोणी वाचली असती तर.

बाहेर आला तेव्हा सिंगल नाही, धड व्हिडिओ नाही, एमटीव्हीवर नुसते काही सेकंदांचे तुकडे. तीन आठवडे आधीच नॅपस्टरवर, म्हणजे इंटरनेटवर गाणी फुकट वाटायच्या जागी, फुटलेला. काही ब्रिटिश समीक्षकांनी धुतला, पिचफोर्क या संगीताच्या वेबसाइटने १० पैकी १० दिले, आणि अमेरिकेत बिलबोर्डच्या खपाच्या यादीत थेट पहिला, जे त्यांचं आधी कधीच झालं नव्हतं. पुढच्या वर्षी ग्रॅमी. दशक संपताना रोलिंग स्टोनने दशकातला सर्वोत्तम म्हणून वर बसवला. म्हणजे २००० मध्ये मी आणि ते समीक्षक एका बाकावर होतो आणि दोघेही आपटलो. तरी माझं मत अजून आहे की मधली एकदोन गाणी नुसती हवा आहेत. लोक आता किड ए बद्दल देव्हाऱ्यासमोर बोलल्यासारखं बोलतात त्याचा पण कंटाळा येतो.

आता कॅसेटची गंमत. अल्बम साधारण ५० मिनिटांचा आणि कॅसेटची एक बाजू ४५ ची. शेवटचं गाणं सुरू होतं, दोनेक मिनिटं होतात आणि खट्. मी दुसऱ्या बाजूला कुमार गंधर्व भरलेले, त्यामुळे पुढचं राहिलंच. आणि मला कित्येक वर्षं वाटायचं की अल्बम संपतोच तसा, मध्येच तोडलाय, एवढा विचित्र अल्बम, असेल. मित्रांना सांगायचो पण, काय धाडस आहे बघा, गाणं अर्ध्यात सोडलंय. कोणी दुरुस्त केलं नाही यावरून ते किती ऐकत होते कळतं.

आज कॅसेट लावायला प्लेअर नाही, म्हणून मोबाइलवर लावला, स्पीकरवर, डोळे मिटून. शेवटचं गाणं लागलं. पूर्ण गाणं मी आधीही ऐकलंय, पण हेडफोनवर, एकट्याने. त्यात सुरुवातीला यॉर्क पायाने भाता मारायचा ऑर्गन वाजवतो, म्हणजे आपली पायपेटीच की, संगीत नाटकांत असायची ती.

आतून बाबा आले. बनियनवर, हातात पेपर. बाबांनी चाळीतल्या भजनी मंडळात ३५ वर्षं टाळ धरला, दर गुरुवारी, पुढे बसून अभंग एकदाही गायले नाहीत. दारात उभे राहिले. कॅसेट जिथे तुटायची ती जागा गेली, हार्पच्या तारा वाजत होत्या, तरी उभेच.

“पायपेटी कोण वाजवतंय रे?”

म्हटलं इंग्लंडचा आहे एक.

“शिकाऊ दिसतो,” म्हणाले. जरा वेळ ऐकलं. “पण सूर धरलाय बरा. मागे ते काय वाजतंय?”

म्हटलं हार्प. मान डोलावली आणि चहा टाकायला आत गेले, भांड्याचा आवाज आला, साखर कुठे ठेवली म्हणून ओरडले.