माळेगावच्या यात्रेतील कुरळ्या पिसांची कोंबडी

आज माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे पाहायला गेलो आणि एका डालग्यापाशीच थांबलो, कारण त्यात फ्रिझल कोंबड्यांची जोडी होती, जिची पिसे अंगाला चिकटून न बसता बाहेरच्या बाजूला वळून शेवंतीच्या पाकळ्यांसारखी उलगडली होती. केराटिन या पिसे घडवणाऱ्या प्रथिनाच्या एका जनुकातील बदलामुळे पिसाचा कणा असा वाकतो. विकणाऱ्या मामांना मी कळकळीने सांगितले की, दोन्ही कुरळ्या पक्ष्यांची जोडी लावू नका. त्यांच्या सुमारे २५ टक्के पिलांना हे बदललेले जनुक आईबाप दोघांकडून मिळते, पिसे ठिसूळ होऊन गळतात आणि उघडे पडलेले अंग थंडीत गारठते. साध्या पिसांच्या कोंबडीबरोबर जोडी लावली, तरी साधारण निम्मी पिले कुरळी निघतात. मामांनी लगेच कोंबडा वेगळ्या डालग्यात ठेवला.