चित्रातल्या कोटाचे पैसे

"अंगात घालता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही, अशा कोटाचे दोन हजार? ही लूट नाही तर काय?" लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगनंतर, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझा जबडा उघडा असताना हे विचारलंय. मी पुण्यात गेम्ससाठी स्किन्स, म्हणजे गेममधल्या कॅरेक्टरचे विकत मिळणारे कपडे, बनवतो हे कळलं की प्रश्न ठरलेला. तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सांगतो.

तो कोट बटण दाबून होत नाही. आधी शिवणी-सुरकुत्यांसकट भरगच्च मॉडेल कोरायचं, मग तेच फोनला झेपेल इतकं हलकं करून पुन्हा बांधायचं. उभं असताना झकास दिसणारा घोळ कॅरेक्टर गुडघ्यावर बसलं की मांडीतून आरपार बाहेर येतो. तो आत बसवण्यात दिवसच्या दिवस जातात. शिवाय कोटामुळे कुणी जिंकत नाही, गोळी सगळ्यांना सारखीच लागते. गेम फुकट आहे; हौशी माणसानं कोट घ्यावा, त्याच्या जिवावर बाकीच्यांनी खेळावं. ज्याला नको त्यानं घेऊ नये, विषय संपला. हे मला तोंडपाठ होतं.

मग कराडला दिवाळीत ताईकडे गेलो. असाच एक कोट मिळवायला भाच्यानं तिच्या फोनवरून एका गेममध्ये पैसे घातले होते. पिन त्याला ठाऊकच होता, लाइटबिल ताई त्याच्याकडूनच भरून घ्यायची. दाजींनी बँकेचं स्टेटमेंट छापून आणलेलं, गेमच्या प्रत्येक ओळीखाली पट्टीनं आखलेली लाल रेघ. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

"पाहुणं, तुमचा धंदाच हा. एवढंच सांगा, ह्या कोटाची किंमत किती?"

मी फोन घेतला. कोटावर किंमतच नव्हती. चाक होतं. ते फिरवायला हिरे लागत, हिरे पैसे मोजून पॅकमध्ये मिळत, आणि पॅक असे बेतलेले की दरवेळी थोडे उरावेत आणि तेवढ्यात काहीच येऊ नये. कोट निघण्याची शक्यता किती, ते कोपऱ्यातल्या बारक्या चिन्हामागे. पाडव्याच्या फराळाची ताटं बाजूला सारून मी कागदावर गणित मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. दाजी शांतपणे बघत होते.

"मामा," भाचा म्हणाला, "कोट मिळालाच नाही. टोप्या मिळाल्या. दोन तर सारख्याच."

"म्हंजी हे दुकान न्हवं," दाजी उठत म्हणाले, "जत्रंतली सोरट हाय."

त्यावर माझं तोंडपाठ भाषण कुठे लावणार? 'नको त्यानं घेऊ नये' म्हणायला आधी घेतोय काय आणि कितीला, हे तरी कळायला हवं.

२००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला आलं, तेव्हा जगभर टिंगल झाली. मीही ती टिंगल करत आलो. आज वाटतं, बिचारं सरळ होतं. एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रावर तेव्हाही डॉलर नव्हे, दोनशे पॉइंट मोजावे लागत, म्हणजे पैशाला बुरखा तेव्हाच चढला होता. पण निदान पैसे दिले की चिलखत मिळायचं, टोपी नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगानं २०१८ मध्ये काही गेम्समधल्या नशिबाच्या पेट्या (पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल ते नशीब) जुगारात मोडतात असं ठरवलं, तेव्हा मी ऑफिसात 'अतीच करतात' म्हणालो होतो. दाजींसमोर ते म्हणायची माझी छाती झाली नसती.

आता म्हणाल, मग नोकरी सोड. का सोडू? चाक मी लावत नाही. माझ्या शीटमध्ये किंमतीचा रकाना नसतो, 'लेजेंडरी', म्हणजे अतिदुर्मीळ, एवढंच लिहिलेलं असतं आणि पगार तेवढाच येतो. (हे लिहितानाच दाजींचा चेहरा दिसतोय.) चाकं काढली तर कोट महागतील किंवा गेम विकत घ्यावा लागेल, आणि तेव्हाही तुम्ही मलाच विचाराल.

भाच्याला सांगून ठेवलंय: चाक दिसलं की बंद कर, किंमत लिहिली असेल तर मला फोन कर. तो करतो. परवा एका हेल्मेटचा फोटो पाठवला. महाग होतं, पण हनुवटीच्या पट्ट्याचं काम इतकं सुरेख की मी घे म्हणालो. मग ताईला किंमत किती सांगायची, यावर आमचं बराच वेळ चाललं.