यंदाच्या हिवाळ्यात फक्त टॉवेल आणि पटर

आमच्या फ्रिजवर अजून गेल्या हिवाळ्यातली माझी गोल्फची यादी लटकतीये. वर गणपतीचं मॅग्नेट आहे म्हणून काढवत नाही असं मी घरात सांगतो, खरं कारण आळस. सात कलमं आहेत तिच्यात. हँडिकॅप (खेळाचा दर्जा सांगणारा आकडा, जितका कमी तितका बरा) १९ वरून १४. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) २० यार्ड लांब. स्लाईस, म्हणजे चेंडू उजवीकडे वळून पळणं, बंद. रोज १०० चिप, म्हणजे होलजवळून मारायचे छोटे फटके. रोज ५० पट, म्हणजे पटर नावाच्या क्लबने चेंडू घरंगळवत होलमध्ये घालणं. आठवड्यातून तीन दिवस जिम. आणि सातवं म्हणजे 'शांत राहणे', जे बायकोने स्वतःच्या हाताने खाली लिहिलंय. सातपैकी एकही झालं नाही, आणि एप्रिलमध्ये पहिल्याच होलवर मी तोच चेंडू त्याच झाडीत घातला जो ऑक्टोबरमध्ये घातला होता, म्हणजे तो चेंडू पाच महिने माझी वाट बघत होता म्हणा ना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आम्ही डेट्रॉईटच्या बाहेर नोव्हायमध्ये राहतो. मिशिगनमध्ये ३१ ऑक्टोबर झाला की हँडिकॅपचं शटर खाली. थंडीत कुडकुडत इथे राउंड मारलात तरी स्कोअर टाकता येत नाही, थेट १ एप्रिलला दुकान परत उघडतं. फ्लोरिडात जाऊन खेळलात तर टाकता येतो, पण ते रिटायर्ड मंडळींचं काम. आपल्याकडे हातात पाच महिने, एक बेसमेंट, आणि तासावर भाड्याने मिळणारा डोम (घुमटाखालची बंदिस्त सरावाची जागा), जो शनिवारी सकाळी दादर स्टेशनसारखा भरलेला असतो.

आधी त्या हँडिकॅपच्या ध्येयाबद्दल, कारण आमच्या ग्रुपमधले सगळे नोव्हेंबरमध्ये हेच लिहितात. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे, शेवटच्या २० राउंडमधले सगळ्यात चांगले ८ घेऊन त्यांची सरासरी. म्हणजे हा आकडा तुमचा रोजचा खेळ दाखवतच नाही, तुमचे बरे दिवस दाखवतो. वर हिवाळ्यात तो हलणारच नाहीये, गोठलेला आहे. मग गोठलेल्या आकड्याकडे बघत पाच महिने काढायचे कशाला? पोराला 'तू ९५ टक्के आण' म्हणायचं आणि अभ्यास काय करायचा ते सांगायचंच नाही, तसलाच प्रकार.

तर यंदा मी आधी ऑक्टोबरमध्ये एक शहाणपणा केला. सीझनभरातले स्कोअरकार्ड गोळा केले (मी कोपऱ्यात खुणा करतो, फॅट बसला की फ, तीन पट लागले की ३) आणि एका रविवारी चहा घेऊन मोजत बसलो. मला वाटत होतं माझा खरा आजार ड्रायव्हरचा स्लाईस. तो आहेच, पण फ इतके होते की मलाच लाज वाटली. फॅट म्हणजे चेंडूच्या आधी क्लब जमिनीत घुसणं. १५० यार्डांवरून मारलेला शॉट ९० यार्ड जातो आणि समोरचा सौजन्याने म्हणतो, डायरेक्शन छान होती.

मग नोव्हेंबरमध्ये डोममधल्या एका कोचकडे अर्धा तास घेतला. त्याने फार काही केलं नाही. मॅटवर पांढऱ्या खडूने आडवी रेघ मारली, चेंडू ठेवलाच नाही, आणि म्हणाला फक्त रेघेवर स्विंग कर. केला. क्लब जिथे घासला तिथला मॅट चकचकीत झाला होता आणि रेघ जशीच्या तशी होती, घासल्याची खूण रेघेच्या चांगली चार बोटं मागे. परत केला, परत चार बोटं. दहा वेळा केला तर आठ वेळा तीच जागा, म्हणजे सातत्य आहे हो माझ्यात. आयर्नच्या (लोखंडी तोंडाच्या क्लबच्या) चांगल्या शॉटमध्ये क्लबचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या पुढे तीन-चार इंचांवर यायला हवा, आधी चेंडू मग माती. माझी माती आधी.

नंतर तो म्हणाला आता वेज (जवळच्या शॉटचा, जास्त उताराचा क्लब) घे आणि छोटी चिप कर. परत तीच चार बोटं! इथे माझी ट्यूब पेटली. मी इतकी वर्षं 'स्विंग' आणि 'शॉर्ट गेम' असे दोन वेगवेगळे रकाने करून बसलो होतो, दोन्हीचे वेगळे व्हिडिओ बघत होतो, आणि आजार एकच निघाला. वजन उजव्या पायावर राहतं आणि मनगटं चेंडूला खालून उचलायला जातात.

हे कुठून आलं तेही मला माहितीये. सांगलीत गल्लीत टेनिस बॉलने खेळलेली वीस वर्षं. तिथे षटकार मारायचा म्हणजे मागच्या पायावर रेलून बॉलच्या खाली बॅट घालायची आणि उचलायचा, पलीकडच्या वाड्यात. गोल्फमध्ये उचलायचं काम क्लब करतो, सात नंबरच्या आयर्नला तीसेक अंशांचा उतार मुळातच दिलेला असतो, सँड वेजला ५६. तुम्ही खाली मारा, चेंडू आपोआप वर जातो. हे डोक्याला पटतं हो, हातांना पटत नाही. आणि आमच्या ग्रुपमधला कोल्हापूरकर तर ड्रायव्हरने चक्क स्क्वेअर कट मारतो, बाहेरून आत, मग उजवीकडे पळालेल्या चेंडूला म्हणतो, भावा वारा होता. डोममध्ये कुठला आलाय वारा.

तर यंदाचं पहिलं ध्येय, आकड्याविना: खूण चेंडूच्या पुढे न्यायची. बस. साधन म्हणजे घरातला जुना टॉवेल. चार घड्या घालून चेंडूच्या मागे वीतभरापेक्षा जरा कमी अंतरावर ठेवायचा आणि टॉवेलला न लावता फोमचा चेंडू मारायचा. टॉवेल हलला की फॅट. तो खोटं बोलत नाही, मॅट मात्र सर्रास बोलतो. मॅटवर फॅट बसला तरी क्लब घसरून पुढे जातो, आवाज मस्त येतो, चेंडू बरा उडतो आणि माणूस खूश होऊन घरी येतो. गेल्या हिवाळ्यात मी तसाच खूश होतो, आठवड्याला दोनदा डोममध्ये शंभर-शंभर चेंडू बडवायचो, आणि फेब्रुवारीत कोपर असं धरलं की दुधाचा गॅलन उचलता येईना. तीन आठवडे घरात.

ड्रायव्हरचं यंदा काहीच नाही, त्याचं कारण आमच्या बेसमेंटचं छत. जेमतेम आठ फूट. गेल्या हिवाळ्यात स्विंगचा वेग वाढवायची एक दांडी मी खाली फिरवली आणि छताला भोक पाडलं, त्यावर अजून कॅलेंडर चिकटवलंय. आता कोणी म्हणेल की खरी बचत लांबच्या शॉट्समध्येच असते, आणि ते खरंच आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी या प्राध्यापकाने लाखो शॉट्सचा हिशोब मांडून दाखवलं की चांगला आणि सामान्य खेळाडू यांच्यातला साधारण दोन तृतीयांश फरक १०० यार्डांबाहेरच्या शॉट्समुळे पडतो, पटिंगमुळे नाही. 'पटिंगमध्येच पैसा' म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. पण माझे फॅट शॉट बहुतेक त्या १०० यार्डांबाहेरचेच आहेत, म्हणजे टॉवेलवाला उपाय दोन्हीकडे लागू. आणि सात नंबर अर्ध्या स्विंगने फिरवला तर छत वाचतं.

दुसरं ध्येय पटर. सगळे पट नाही, फक्त चार ते सहा फूट. २०२४ च्या जूनमध्ये डेट्रॉईट गोल्फ क्लबवर व्यावसायिक गोल्फर अक्षय भाटियाला शेवटच्या होलवर तीन पट लागले, शेवटचा चुकला तो चारेक फुटांचा, आणि एका शॉटने टूर्नामेंट कॅम डेव्हिसकडे गेली. मी टीव्हीसमोर पोह्यांची बशी धरून बसलो होतो, ती तशीच राहिली हातात. इतक्या वरच्या माणसाचं हे, तर आपण 'दे रे गिव्हन' म्हणत, म्हणजे न मारताच गेला असं धरून, खिशात टाकतो ते पट आपल्याला येतात असं समजण्यात काही अर्थ नाही. टूरवरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच घालतात.

ह्यातलं गणित मला आवडतं. होल सव्वाचार इंचांचं. सपाट जागेवर सहा फुटांवरून मधोमध नेम धरला तर चेंडू साधारण पावणेदोन अंशांहून जास्त वाकडा निघाला की चुकला. दहा फुटांवरून तीच सूट एका अंशावर येते. आणि चेंडू कुठे निघणार हे बहुतांश पटरचं तोंड कुठे बघतंय त्यावर ठरतं, तुम्ही पटर किती सरळ ओढता त्यावर कमी. मी दोन वर्षं पटर रेल्वेच्या रुळावरून नेल्यासारखा सरळ मागेपुढे करण्यात घालवली. आता कार्पेटवर चेंडूच्या पुढे फूटभरावर पत्त्यांची दोन पाकिटं उभी करतो, मधून चेंडू जेमतेम जाईल इतकीच फट, आणि त्यातून काढायचा. पाकीट पडलं म्हणजे पटरचं तोंड वाकडं होतं. धाकटीला हा खेळ इतका आवडला की तिचा स्कोअर माझ्यापेक्षा बरा आहे, ह्यावर मी जास्त बोलणार नाही.

आता सगळ्यात गमतीचा भाग. बायको गाते, रोज रात्री खाली तबल्याचं ॲप लावून रियाज चालतो. एकदा मी कोपऱ्यात टॉवेलशी झटत होतो तर ती थांबून म्हणाली, "अरे, तू पहिल्या दिवसापासून द्रुतच का गातोयस? आधी ठायीत कर की." मला आधी राग आला, मग फोनवर स्वतःचा स्लो मोशन व्हिडिओ काढून बघितला. चांगल्या खेळाडूंचा मागे जायला लागणारा वेळ आणि खाली यायला लागणारा वेळ साधारण तीनास एक असतो. माझा दोनास एकसुद्धा नव्हता, वर पोचायच्या आधीच खाली यायची घाई.

मग आम्ही दोघांनी बसून हिशोब लावला. तीनताल. पहिल्या 'धा'ला क्लब हलवायचा, चौथ्या मात्रेला वर पोचायचं, आणि पाचव्या मात्रेच्या 'धा'वर चेंडू. धा धिं धिं धा, आणि धा! बरोबर तीन मात्रा वर, एक खाली. खऱ्या स्विंगच्या वेगाला मिनिटाला सव्वादोनशेच्या आसपास मात्रा पडतात, म्हणजे चांगलंच द्रुत. मी डिसेंबरभर साठवर केला. साठवर स्विंग करणं म्हणजे छळ आहे, सगळी पापं दिसतात, वजन उजव्या पायावर अडकलेलं पायाच्या तळव्याला कळतं, मनगटं कधी फसवतात ते कळतं. जानेवारीत नव्वद, सध्या एकशेवीस. कोल्हापूरकराला सांगितलं तर म्हणाला, मी हलगीवर करतो.

काल रात्री पन्नासपैकी चौतीस वेळा टॉवेल हलला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हा आकडा नऊ होता. एकशेचाळीसला गेलो की परत पंचवीसच्या खाली येतोय, म्हणजे मार्चपर्यंत सव्वादोनशे गाठणं कठीण दिसतंय, न गाठलं तर एप्रिलमध्ये हळू स्विंगनेच खेळेन, दहा यार्ड कमी गेले तर गेले. बाहेर परत बर्फ सुरू झालाय, सकाळी ड्राइव्ह-वे उपसायचाय. वरून आवाज आला, रियाज संपला, ॲप मोकळं आहे. जातो खाली.